दोन हाकांपुढची जागा

ज्वारीच्या पिठात गरम पाणी ओतलं, हात घालण्याआधी जरा निवू द्यावं म्हणून थांबले, आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून कुणीतरी मला नावानं हाक मारली. "शकू..." मग श्वास घेण्याइतकं थांबून, "व शकू..." हात परातीवर तसाच राहिला. या घरात मला या नावानं कुणी ओळखत नाही. सुनेची मी आई, नातीची आजी, बोरगाव मेघेतल्या या गल्लीत सुरभीची आजी, आणि दवाखान्याच्या चिठ्ठीवर शकुबाई. नुसतं शकू म्हणणारं शेवटचं माणूस म्हणजे लहानपणची मैत्रीण वच्छला. तीही मागच्या उन्हाळ्यात गेली. वापरात न राहिलेलं नाव पेटीतल्या जुन्या लुगड्यासारखं होतं. घडीवर विरत जातं, आणि मग उलगडून बघायची आपल्यालाच भीती वाटते. मी ओठ घट्ट मिटले आणि वाट पाहिली. तिसरी हाक आली नाही. बाहेर कार्तिक म्हणाला, "थांब थांब, इथं जागा खाली राहून राह्यली," तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की आवाज माझाच आहे. काल दुपारी पोरांनी मला गोधडीखाली बसवून भरून घेतलेला. ध्यानात आलं ते डोक्याच्या. मानेवरचे केस बराच वेळ खाली बसले नाहीत.

सुरभी, माझी नात, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला सिनेमा करायचा आहे आणि तिच्या बापाला तिनं बी.एड. करावं असं वाटतं. कुठल्याशा स्पर्धेत विद्यार्थ्यांनी ट्रेलर पाठवायचा, निवड झाली तर सिनेमा करायला मदत मिळणार, आणि नाही झाली तर सुरभी मुकाट्यानं बी.एड.चा फॉर्म भरणार, असं बापलेकीचं ठरलेलं. सोबत तिच्याच वर्गातली दोघं. कार्तिक आवाजाचं आणि जोडणीचं बघतो, आणि गुंजन, काळीसावळी, लांब मानेची पोरगी, ती सिनेमातली नाहीशी होणारी मुलगी. गोष्ट ऐकवली तेव्हा मी तूर निवडत होते. एक मुलगी कापसाच्या शेतात शिरते, तिला एक म्हातारी हाक मारते, मुलगी पुन्हा दिसत नाही. मी सूप खाली ठेवलं. म्हटलं, ही गोष्ट तुला कोणी सांगितली? "कोनं नाई आजी, मीच लिहिली," ती म्हणाली. खरंच होतं ते. या घरात ती गोष्ट मी कधी कुणाला सांगितलेली नाही.

"मंग पुढं काय होते त्या पोरीचं?" मी विचारलं.

"पुढं काईच नाई. पिच्चरच नाई हाय अजून. फक्त ट्रेलर."

"म्हनजे लगन नाई, नुसती पत्रिका?"

गुंजन पोट धरून हसली. "आजी, तुमालेच डायरेक्टर करतो आमी. सुरभी लय पकवते."

मीही हसले. पण रात्री पडल्यापडल्या मनात येत राहिलं, की न झालेल्या सिनेमाचे तुकडे कुठून आणतात ही पोरं? एक पाय, एक पांढरं शेत, वळणारी मान. मधलं काही नाही, पुढचं काही नाही. तुकडे आहेत म्हणजे ते कुठूनतरी तुटून आलेले असणार. कुठेतरी तो अख्खा असणारच.

शेत हवं होतं पांढरंफेक, वेचणी न झालेलं. माझा लांबचा भाचा कैलास वडनेरला असतो, त्याला सुरभीनं फोन केला. तो म्हणाला, रविवारी या, सोमवारी बाया वेचायला लावल्या आहेत, मग शेतात नुसत्या काड्या दिसतील. म्हणजे हाताशी एक दिवस, त्यातही उन्हं उतरल्यानंतरचा तेवढा उजेड, कारण सुरभीला तोच हवा होता. म्हातारीचं काम कुणी करायचं हा प्रश्न पोरांनी मला विचारलाही नाही. गाडीत मी बसणार हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. कॅमेरा म्हणजे कार्तिकचा मोबाइल. त्याचा तीन पायांचा स्टँड जामच्या एका फोटोवाल्याकडून मागून आणायचा होता म्हणून आम्ही जामहून फिरून गेलो. चौकात चहा घेतला. स्टँडचा एक पाय मोडका निघाला, तो सुतळीनं बांधला. उजेड तोंडावर फेकायला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल. मी काचेतून पाहत होते. हिंगणघाट गेलं. मोठ्या रस्त्यावर आता सगळं धाबे आणि पंप, कुठलं गाव कुठं सुरू होतं कळत नाही; पण वडनेरजवळ आल्याचं मला डोळे मिटूनही कळलं असतं. थंडीत कापूस फुटला की मातीला एक कोरडा, किंचित तुरट वास येतो. त्या वासात मी लहान असते. कायमची.

माय आम्हा दोघी बहिणींना शाळेतून आल्यावर वेचायला न्यायची. जिजा मोठी, मी धाकटी. कमरेला लुगड्याच्या फडक्याचा ओटा बांधायचा, बोंडातला कापूस ओढून त्यात भरत जायचं. बोंडाची टोकं बोटांना ओरबाडतात. जिजाची बोटं लांब होती, तिला कधी लागायचं नाही. मायनं आम्हाला दोनच गोष्टी शिकवल्या होत्या: पऱ्हाटीत, कापसाच्या झाडांत, हात घालण्याआधी पाहायचं, आणि दिवेलागणीला शेतात हाक आली तर लगेच ओ द्यायची नाही. पहिली होऊ द्यायची. दुसरी होऊ द्यायची. तिसरी आली तरच ओ. माणूस तिसरी मारतं, कारण माणसाला काम असतं. दुसरं जे असतं, त्याला तिसरी मारता येत नाही. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असायचं, चुलीवर दूध ठेवून उठायचं नाही हे जसं माहीत असतं तसं.

कैलासच्या शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभी राहून मी पोरांना हेच सांगितलं, कारण कार्तिक म्हणत होता, तीनदा हाक मारा.

"दोन मारतो. तिसरी नाई."

"काऊन आजी? म्युझिकमधी तीन ठोके हाय. तिन्ही ठोक्यावर हाक, मंग अंधार. मस्त वाटन."

मी नियम सांगितला. तो डोकं खाजवत म्हणाला, "म्हनजे ओटीपीसारखं. तिसरी आली का व्हेरिफाय."

"तसंच समज."

"मंग तुमी तिसरी मारून टाका ना. लोकाईले समजन, आजी जित्या हाय."

"कार्तिक्या, मार खाशीन," सुरभी म्हणाली. "दोनच ठेव. आजी म्हनते तसं." तिनं माझ्याकडं बघून मान हलवली, आणि मी ते वचन धरलं.

नाव कोणाचं घ्यायचं ते ठरलं नव्हतं. सुरभी म्हणाली, "कोनतंई घे आजी, जे तोंडात येईल ते." तोंडात एकच नाव आलं होतं, जिजा. ते मी गिळलं. कुणाचंही घ्यावं तर ते कुणाचं तरी असतं. कुठल्या तरी घरात त्या नावाचं माणूस भाकर खात बसलेलं असतं. म्हणून मी असं नाव घेतलं, की ज्याच्यावाचून कुणाचं अडत नाही, ज्याला आता कुणी ओ देणारं नाही. माझं स्वतःचं. ते माझं आहे हे पोरांच्या ध्यानातही आलं नाही. गुंजन फडक्याचा ओटा बांधून पऱ्हाटीत पाठमोरी चालत गेली. पलीकडं तुरीच्या ओळी होत्या, वाऱ्यानं शेंगा वाजत होत्या. सुरभीनं हात खाली केला, आणि मी हाक मारली. "शकू... व शकू..." हाक तुरीपर्यंत गेली आणि तिथं शिरली. परत आली नाही. सपाट रानात हाक परत येत नसतेच; पण आपण दार ढकलावं आणि ते कुणीतरी आतून धरून ठेवावं, तसं वाटलं.

मग कार्तिक म्हणाला, आता कुणी हलू नका, बोलू नका, खाली आवाज भरून घेतो. मला कळलं नाही. तो म्हणाला, आजी, जागेचा आपला एक आवाज असते, कोनी बोललं नाई तरी. तो भरून ठेवा लागते, मंग जोडताना कामी येते. आम्ही उभे राहिलो. उजेड तांबूस होऊन विझत चालला होता. मोबाइल सुतळीच्या पायावर कान टवकारून उभा होता. मी आयुष्यात पुष्कळ शांतता ऐकली आहे, पण ती कुणी डबीत भरून घेताना कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, ही जी भरली जाते आहे, तीच ती जागा. दुसऱ्या हाकेनंतरची. मी तिच्यात उभी राहून आले आहे.

गुंजन पऱ्हाटीतून बाहेर आली ती चेहरा बारीक करून. "सुरभी, माह्या बाजूनं कोनी गेलं काय?"

"कोन जाईन? आमी समदे इथं."

"फडकं घासून गेल्यासारखं वाटलं. इकडून तिकडं, तुरीकडं."

"डुक्कर असन," कैलास म्हणाला, "नाईतर माही बायको. दोघाईची चाल सारखीच." पोरं हसली, आणि ते तिथंच राहिलं. पण शेजारच्या शेतातली पाण्याची मोटार माझ्या हाकेत शिरली होती, भुर्रर्र करत. कार्तिकनं कानाला लावून ऐकलं आणि कपाळावर हात मारला. उजेड गेला होता. दुसऱ्या दिवशी शेत राहणार नव्हतं. हाक घरी भरायचं ठरलं.

म्हणून गोधडी. सुरभीचे आईबाप अमरावतीला लग्नाला गेलेले, घर मोकळं. पोरांनी मला पलंगावर बसवलं, अंगावर गोधडी टाकली, वर अजून एक, आणि हातात मोबाइल दिला. बाहेरचं काही आत येत नाही म्हणे. आत काळोख, माझ्याच श्वासाची ऊब, जुन्या कापडाचा वास. तुरीपर्यंत जायची हाक मी माझ्या गुडघ्यांना मारली. हळू मारली, कार्तिक म्हणाला मोठी मी करतो. आणि ती तोंडातून निघाली तेव्हा मला पहिल्यांदा बरं वाटलं, हे लपवत नाही. वच्छलेनंतर कुणीतरी पुन्हा मला नावानं बोलावत होतं. मायनं ते नाव जिजा गेल्यानंतर टाकलं. हाक मारणंच टाकलं तिनं. काम असलं की चुलीपासून उठून यायची, माझ्या खांद्याला हात लावायची. मरेपर्यंत. मालक तर अवं नाहीतर ऐकलं का. गोधडीत बसून मी तेव्हा दोनदा माझं नाव घेतलं आणि तिसऱ्यांदा घेण्याचा मोह दातांनी धरून ठेवला.

हे सगळं आज संध्याकाळपर्यंतचं. पण आता, परातीवर हात धरून उभी असताना, कार्तिकनं ती हाक पुन्हा लावली. त्यानं तिच्याखाली शेतातली ती भरून आणलेली शांतता पसरली होती, आणि हाक लांबून येईल अशी केली होती. लांबून, तुरीतून, वाळलेल्या शेंगांमधून. "शकू..." शेवटी जराशी चिरलेली. "व शकू..." आणि मला कळलं. हा आवाज मी पहिल्यांदा ऐकत नव्हते.

त्या दिवशी माय हिंगणघाटच्या बाजाराला गेली होती. आम्ही दोघीच वेचत होतो. उन्हं गेलेली, कापूस मात्र उगाचच उजेड धरून होता. तुरीतून हाक आली. माझ्या नावाची. माझ्या हातात अर्धं ओढलेलं बोंड होतं. जिजा म्हणाली, "जा ना व, माय आली. बोलावून राह्यली." मी म्हटलं, "तिसरी होऊ दे." दुसरी आली. जिजा हसली. "तुही तिसरी होईपर्यंत माय पाठीत घालन दोघीच्या." आणि माझ्याऐवजी तिनंच ओ दिली, "आली वो माय!" आणि लांब बोटांनी पऱ्हाटी बाजूला सारत ती तुरीकडं चालती झाली. मी तिसरीची वाट पाहत उभी राहिले. मी नियमानं वागले. अंधार पडला तेव्हा माय बाजारातून आली, रस्त्याच्या बाजूनं, डोक्यावर टोपली. म्हणाली, "मी कुठं हाक मारली?" जिजाचा ओटा सकाळी धुऱ्यावर सापडला, कापसानं भरलेला, आणि त्याची कमरेची गाठ मारलेलीच होती. आतलं माणूस तेवढं काढून घेतल्यासारखी. विहिरी उपसल्या, लोक माणिकवाड्यापर्यंत जाऊन आले, कुणी म्हणालं पळवली, कुणी म्हणालं पळाली. ती गाठ कुणाला सोडवता आली नाही, शेवटी मायनं फडकं तसंच जाळलं.

आम्हाला तो मायचा आवाज वाटला. सारखा होताच. पण मायचं तेव्हा वय काय, तिचा आवाज कधी चिरत नव्हता. ती हाक म्हातारीची होती. चीर तिथंच, 'कू'च्या पुढं, माझ्या आवाजाला गेल्या काही वर्षांत पडली आहे तिथंच. तुरीतून मला बोलावणारी मीच होते. परवाच्या रविवारी धुऱ्यावर उभी राहून मी जी हाक मारली, आणि जी तुरीत शिरून परत आली नाही, ती कुठं गेली हे मला आता कळत होतं. गुंजनच्या बाजूनं फडकं घासत कोण गेलं, तेही. आणि त्याहून पुढचंही कळलं. तिथं एक मुलगी अजून उभी आहे. हातात अर्धं बोंड धरून. नियम पाळणारी. तिसरी आली तर ती ओ देईल आणि तुरीत जाईल. मग तिचं लग्न होणार नाही, तिला मुलगा होणार नाही, बोरगाव मेघेत घर होणार नाही, आणि बाहेरच्या खोलीत कुणाला सुरभी म्हणून बोलावणारंही कुणी नसेल.

मी बाहेर गेले. तिघं लॅपटॉपवर वाकली होती, तोंडांवर निळा उजेड. म्हटलं, "सुरभे, ती हाक काढून टाक. पुरीच."

"आजी, आता? सातले लिंक बंद होते. नेट पाह्य कसं चालून राह्यलं."

"काढ म्हनलं ना."

तिनं वर पाहिलं. दोन दिवस झोपलेली नव्हती. "आजी, त्याच्यावरच तर उभं हाय समदं. हे नाई गेलं तर मले बाबा सोडते का?" मग माझा हात धरला, मला काय झालंय ते शोधत. "दोनच हाय. तू म्हनली तशीच. तिसरी नाई टाकत. तुही शपथ."

माझीच शपथ घेतली पोरीनं. त्या पोरीला काय सांगायचं? तुझ्या असण्याची गोष्ट आहे म्हणून? मी मान हलवली आणि परत आले. पीठ निवून गेलं होतं. तवा ठेवला. दिवा लावायचा राहिला होता, पण हात भरलेले. मागच्या दारातून अजून थोडं दिसत होतं. आमच्यामागचे प्लॉट रिकामेच आहेत, पूर्वी तिथं शेत होतं. गाजरगवतात कुठंतरी पऱ्हाटीचं एखादं झाड आपोआप उगवतं, त्याला दोनचार बोंडंही फुटतात. कुणी वेचत नाही. भाकर थापून तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. बाहेर सुरभी फोनवर कुणालातरी विचारत होती, नेट जोडायला तुझा मोबाइल देतो का; बोलत बोलत ती दारापर्यंत गेली असावी. कार्तिक गुंजनला पुटपुटत होता, "ते खाली वाटते व. तिसरा ठोका येते अन् काईच नाई. दात पडल्यासारखं." गुंजन म्हणाली, "मंग पहिलीच उचलून टाक ना तिथं. जराशी हळू कर. आजीले थोडीच समजते." वाईट नव्हती पोरं. जागा रिकामी दिसली की भरावी, एवढंच त्यांना शिकवलेलं.

एक ठोका पडला. "शकू..." दुसरा. "व शकू..." भाकर तव्यावर फुगत होती. मी पिठाचा हात तोंडावर दाबला. ठोका पडला.

"शकू..."

जरा संथ, जरा जाड, पण तीच चीर. खोली ओलांडून ती माझ्याजवळून मागच्या दारानं बाहेर गेली, थेट, रस्ता माहीत असल्यासारखी. आणि हात तोंडावर असताना, ओठ मिटलेले असताना, ओ दिली गेली. "आली वो माय!" आवाज बारीक होता, धापेचा, लहान मुलीचा. तो माझ्या घशातून आला की दाराबाहेरच्या गवतातून, मला नाही सांगता येत. सगळ्या अंगातून एक मोठं ओझं उतरल्यासारखं झालं. इतकी वर्षं अडकून राहिलेलं कुणीतरी चालायला लागलं होतं. तळव्याला पीठ होतं, पण ते पिठासारखं लागत नव्हतं. बोटांना काहीतरी टोचत होतं.

"गेला! गेला!" बाहेर तिघं ओरडली, टाळ्या पिटल्या. ट्रेलर गेला होता.

"आजी!" सुरभीनं आनंदानं हाक मारली. मी ओ दिली नाही. मी मागच्या उंबऱ्यात उभी होते, एक पाय बाहेर. ती धावत आली, स्वयंपाकघराच्या दारात थबकली. तव्यावरची भाकर जळून धूर सुटला होता. तिनं धुरातून इकडं पाहिलं, माझ्याकडंच, आणि नजर माझ्यावरून पुढं मोकळ्या प्लॉटवर गेली. गॅस बंद केला. बटण चाचपलं, दिवा लागला. मी दिव्याखाली होते की नव्हते, तिच्या तोंडावरून मला कळेना.

"ए आजी?" आता तिचा आवाज बदलला होता.

दोन झाल्या. मागं गवत वाजलं, फडकं घासून जावं तसं. मी तशीच उभी राहिले, सुरभीच्या ओठांकडं पाहत. तिसरीशिवाय ओ द्यायची नसते.